८७ टक्के, पण कुठल्या प्रश्नाचे?



मेंदूचा स्कॅन बघून संगणक स्किझोफ्रेनिया ओळखतो, अशी बातमी तुम्ही वाचली असेल. तिच्यामागचं काम खरं आहे, चांगलंही आहे. बंगळुरूच्या निम्हान्समधले स्कॅन वापरून कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी ते २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं. ८१ रुग्ण, ९३ निरोगी माणसं. रुग्णांवर तोवर औषधोपचार झालेले नव्हते. हे महत्त्वाचं, कारण नाहीतर यंत्र आजाराऐवजी औषधाचा परिणामच ओळखून बसायचं. यंत्राचं उत्तर ८७ टक्के वेळा बरोबर आलं.

आता माझा आक्षेप. यंत्राला विचारलं काय होतं? 'हा रुग्ण की निरोगी?' दवाखान्यात हा प्रश्न सहसा पडतच नाही हो! कानात आवाज ऐकू येणाऱ्या मुलाला आईवडील पनवेलला डॉक्टरांकडे नेतात, तेव्हा काहीतरी बिघडलंय हे त्यांना दिसतच असतं. हा स्किझोफ्रेनिया, बायपोलर, की नशेचा परिणाम, हे त्यांना कळायला हवं असतं. ८७ हा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही.

मग सरसकट सगळ्यांचीच तपासणी करू, असं कोणी म्हणेल. हिशोब करून बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने साधारण ३०० माणसांत एकाला हा आजार असतो. म्हणजे ३,००० लोकांत १० रुग्ण. यंत्र दोन्हीकडे ८७ टक्के बरोबर धरलं, तर ९ रुग्ण सापडतील आणि जवळजवळ ३९० धडधाकट माणसांवर शिक्का बसेल. लग्नाच्या बोलणीत, नोकरीत तो शिक्का काय करतो, हे मी वेगळं सांगायला नको.

२००४ चा 'देवराई' सिनेमा आठवा. शेषच्या आजाराबरोबर त्याच्या बहिणीची ओढाताणही त्यात दिसते. निदान अशा घरच्या माणसांच्या सांगण्यावरच उभं राहतं: कधीपासून, काय बदललं, झोप कशी, घरात आधी कोणाला होतं का. स्कॅन ही हकिगत सांगत नाही.

मग यंत्र नकोच का? हवं, पण कोणाला कोणतं औषध लागू पडेल, असं काहीतरी त्याला विचारा. तेही सोपं नाही. औषधाचा गुण येईल का, हे सांगणारी मॉडेलं एका चाचणीत चांगली चालली, पण दुसऱ्या चाचणीतल्या रुग्णांवर छापा-काट्याइतकीच ठरली, असं २०२४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलं आहे.

म्हणून पुढच्या वेळी असा टक्का वाचलात की दोनच गोष्टी विचारा. कोणाला कोणापासून वेगळं ओळखलं? आणि दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या मशीनच्या स्कॅनवर ते टिकलं का?