पोपटपंची नक्की कोणाची? ‘अ‍ॅलेक्स अँड मी’ वाचताना

न समजता पाठ म्हणण्याला आपण ‘पोपटपंची’ म्हणतो. पोपटाला शब्द येतो, अर्थ नाही, हे त्यात गृहीतच धरलेलं असतं. आयरीन पेपरबर्ग यांनी अ‍ॅलेक्स नावाच्या आफ्रिकन ग्रे पोपटाबरोबर तीस वर्षं काम करून याच गृहीतकाला धक्का दिला. त्यांचं ‘अ‍ॅलेक्स अँड मी’ (2008) पीएचडीची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. फक्त जरा सावध राहून.

पेपरबर्ग यांची हार्वर्डची डॉक्टरेट केमिस्ट्रीतली. 1977 मध्ये शिकागोजवळच्या एका दुकानातून त्यांनी साधारण वर्षभराचा पोपट घेतला. कोणता, हे मात्र दुकानातल्या माणसालाच ठरवायला सांगितलं. ‘हुशार बघून निवडला’ असं उद्या कोणी म्हणायला नको! संशोधनाची आखणी प्रयोगाच्या किती आधी सुरू होते, ते इथे दिसतं.

शिकवण्याची पद्धतही बघा. पोपटासमोर दोन माणसं. एक वस्तू दाखवून प्रश्न विचारतो, दुसरा उत्तर देतो. बरोबर आलं तर तीच वस्तू हातात, चुकलं तर वस्तू दूर. हा दुसरा माणूस पोपटासाठी नमुनाही आणि स्पर्धकही. ‘लाकूड’ म्हटल्यावर लाकूडच मिळायचं, त्यामुळे शब्द आणि वस्तू यांची जोडी पक्की व्हायची. अशा शिक्षणातून अ‍ॅलेक्स सुमारे 50 वस्तू, 7 रंग आणि 5 आकार ओळखायला, सहापर्यंत संख्या सांगायला शिकला. चाचण्यांत त्याची साधारण 80 टक्के उत्तरं बरोबर यायची.

आता तुम्ही विचारायला हवं: पोपट माणसाचा चेहरा वाचून तर उत्तर देत नसेल? बर्लिनचा ‘हुशार हान्स’ घोडा गणितं सोडवतो असं लोक मानत. प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली बघून तो खूर आपटायचा थांबतो, हे ऑस्कर फुंग्स्ट यांनी 1907 मध्ये दाखवलं. म्हणून ‘सारखं काय, वेगळं काय’ या चाचण्यांत मुख्य प्रशिक्षक पोपटाकडे पाठ करून बसायची. समोर कोणत्या वस्तू ठेवल्यात हे तिला माहीत नसायचं. ऐकू आलेलं उत्तर ती फक्त मोठ्याने सांगायची.

इथेच मला पुस्तकाविषयी तक्रार आहे. ते सुरू होतं अ‍ॅलेक्सच्या मृत्यूपासून (6 सप्टेंबर 2007, वय 31) आणि जगभरातून आलेल्या सांत्वनाच्या पत्रांपासून. म्हणजे पहिला प्रयोग वाचायच्या आधीच आपण अ‍ॅलेक्सच्या बाजूचे झालेलो असतो. त्यानंतर येणारे किस्से पुराव्यासारखे वाटू लागतात. एकदा ‘कोणत्या रंगाच्या तीन वस्तू?’ या प्रश्नाला तो सारखं ‘पाच’ म्हणत राहिला. शेवटी ‘बरं, पाच कोणत्या रंगाच्या?’ असं विचारल्यावर म्हणाला, ‘एकही नाही’. ट्रेमध्ये पाचचा गट नव्हताच! किस्सा गोड आहे, पण त्याला संशोधन म्हणता येतं ते नंतर अशाच प्रश्नांच्या आणखी चाचण्या घेतल्या म्हणून. आठवणींच्या ओघात ही पायरी पटकन मागे पडते. म्हणून सोबत त्यांचं आधीचं ‘दि अ‍ॅलेक्स स्टडीज’ चाळा. ते रुक्ष आहे, पण त्यात दावा आणि चाचणी वेगवेगळी दिसतात.

आणखी एक. एका पक्ष्यावरून ‘पोपटाला हे जमू शकतं’ एवढंच सिद्ध होतं. ‘सगळ्या पोपटांना जमतं’ हे नाही. या दोन वाक्यांतला फरक व्हायव्हाला तुम्हाला वाचवेल.

पुस्तक संपल्यावर ‘आपणही एक पाळू या’ असं वाटेल. पण अ‍ॅलेक्सभोवती दिवसभर बोलणारी माणसं होती, तीही वर्षानुवर्षं. इतकी बुद्धी पिंजऱ्यात एकटी ठेवायची? जंगलातून पकडून चाललेल्या व्यापारामुळे 2016 मध्ये या जातीला साइट्सच्या परिशिष्ट एकमध्ये घालावं लागलं. आपले हिरवे राघू पाळणंही 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तरी ते गॅलरीत टांगलेले दिसतात. दिवसभर ‘विठू विठू’ करतात, आणि त्यांना कधी कोणी काही विचारत नाही.

तुम्ही एक करा. या पुस्तकातलं कोणतंही प्रकरण घ्या आणि प्रत्येक दाव्यापुढे लिहा: कोणी पाहिलं, किती वेळा, दुसरं काय कारण असू शकलं असतं? मग तेच स्वतःच्या सिनॉप्सिसला करा. ज्या वाक्यापुढे काहीच लिहिता येणार नाही, ते वाक्य आपण नुसतं पाठ केलेलं असतं.