मागील पानावरून पुढे

नाटकाची समीक्षा होते, पुस्तकाची होते, लग्नातल्या जेवणाची तर हात धुवायच्या आत होते. पण जी गोष्ट अजून घडलेलीच नाही, तिच्याविषयी माणसं तासन्तास बोलतात, त्या बोलण्याची समीक्षा कुणी केल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. रणजी स्पर्धेच्या आधीचे दोन महिने डोंबिवलीहून मुंबईकडे जाणाऱ्या आमच्या डब्यात जे वाङ्मय निर्माण होतं, ते इतकं विपुल आहे की त्याच्याकडे दुर्लक्ष करणं अन्यायाचं ठरेल. मी मराठीचा प्राध्यापक नव्हे. बी. कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. त्यामुळे ही समीक्षा रसांच्या अंगाने न होता जमाखर्चाच्या अंगाने होईल, हे वाचकांनी आधीच समजून घ्यावं.

प्रथम पार्श्वभूमी. महाराष्ट्र हे राज्य एक असलं तरी रणजीत त्याचे संघ तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. आमची डोंबिवली जिल्ह्याने ठाण्याची, महापालिकेने कल्याणची आणि क्रिकेटने मुंबईची. मुंबई आम्हाला घर देत नाही, गाडीत बसायला जागा देत नाही, पण संघ देते. माणसाला कुणाचं तरी काहीतरी आपलं म्हणावंसं वाटतं, म्हणून आम्ही तो घेतो. आमच्या डब्यात एक मूळचे अकोल्याचे गृहस्थ आहेत. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबई-विदर्भ अंतिम सामना चालू होता, तेव्हा ते पाच दिवस पेपरात तोंड खुपसून बसले. मुंबई १६९ धावांनी जिंकल्यावर त्यांनी पेढे वाटले. पेढे बहुधा मुंबई हरेल या हिशोबाने आणलेले असावेत, पण आम्ही चौकशी केली नाही. पेढा हा पेढा असतो.

हंगामाची चाहूल लागते ती ऐन पावसात. जगात सगळीकडे पाऊस आला की क्रिकेट थांबतं. मुंबईत पाऊस आला की सुरू होतं. १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग मुद्दाम पावसाळ्यात खेळतात. ओल्या खेळपट्टीवर जो टिकला तो कुठेही टिकेल, असा त्यामागचा विश्वास. गुडघाभर गवतात चेंडू शोधणाऱ्या क्षेत्ररक्षकाची बातमी पेपरात बारीक टायपात आली की आमच्या डब्यातल्या प्रतिभांना पालवी फुटते. मग संभाव्य खेळाडूंची यादी येते आणि वाङ्मयाला बहर येतो.

या वाङ्मयात चार प्रमुख संप्रदाय आहेत.

पहिला इतिहासकारांचा. त्याचे प्रवर्तक खिडकीवाले काका. कल्याणला चढतात, त्यामुळे खिडकी त्यांची वंशपरंपरागत. कुठल्याही विषयावरून ते तीन वाक्यांत पंधरावर येतात. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं रणजी करंडक मुंबईकडे होता, ही गोष्ट खरीच आहे आणि थोरच आहे. पण पंधरावं विजेतेपद मिळालं तेव्हा काका दहा वर्षांचे होते. म्हणजे पंधरापैकी पाच तर त्यांच्या जन्माआधीची. जमाखर्चाच्या भाषेत याला ‘गुडविल’ म्हणतात. ही अशी मालमत्ता असते की जी दिसत नाही, विकता येत नाही, पण ताळेबंदात मात्र सगळ्यांत वर असते. शहाणा व्यापारी ती दरवर्षी थोडीथोडी कमी करत आणतो. काका दरवर्षी वाढवतात. १९७४ साली उपान्त्य सामन्यात कर्नाटकाने ही मालिका तोडली, त्या सामन्यात वाडेकर पाय घसरून धावबाद झाला. हे काका अशा स्वरात सांगतात की घसरला नसता तर मालिका अजून चालू असती.

दुसरा संप्रदाय निराशावाद्यांचा. त्याचे अध्वर्यू आयुर्विम्यातले साहेब. विम्यात असल्यामुळे त्यांना सगळीकडे मृत्यू दिसतो. बुडीत कर्जांसाठी आधीच तरतूद करून ठेवावी, तशी ते पराभवाची तरतूद करून ठेवतात. त्यांच्या वहीतल्या नोंदी पाठ झाल्यात. डिसेंबर २०१४, वानखेडे, जम्मू-काश्मीरकडून हार. जून २०२२, बंगळूर, अंतिम सामन्यात मध्य प्रदेशकडून हार. आणि मध्य प्रदेशचा प्रशिक्षक कोण, तर आपलाच चंद्रकांत पंडित! “आपल्याच मास्तरांनी शेजारच्या वर्गाकडून आपल्याला नापास करवलं,” हे त्यांचं वाक्य. जानेवारी २०२५, वांद्रे-कुर्ला संकुल, पुन्हा जम्मू-काश्मीर. आणि संघात रोहित शर्मा, जैस्वाल, रहाणे, श्रेयस अय्यर असताना! पाठोपाठ फेब्रुवारीत नागपूरला उपान्त्य सामन्यात विदर्भाकडून ८० धावांनी. (त्या दिवशी अकोलेकरांनी पेढे आणले नाहीत. सभ्य माणूस.) हे साहेब खरे निराशावादी असते तर त्यांनी क्रिकेट सोडून दिलं असतं. पण यादी आली की पेपर पहिल्यांदा तेच ओढतात. तरतूद ज्या कर्जासाठी केली, ते वसूल होईल अशी गुप्त आशा प्रत्येक मॅनेजरला असतेच.

तिसरा संप्रदाय यादीवाद्यांचा. आमचे हेड कॅशियर यातले. ते ठाण्याला चढतात, म्हणजे खरं तर लटकतात आणि लटकूनही संघ निवडतात. त्यांचा संघ अजिंक्य असतो, कारण त्यात सगळे असतात. कसोटीवाले असतात, वनडेवाले असतात, दुखापतवाले बरे झालेले असतात. आता एकच खेळाडू एकाच वेळी भारताकडून परदेशात आणि मुंबईकडून घरी कसा खेळणार? बँकेत क्लिअरिंगला टाकलेला चेक रोख शिलकीत धरला तर कॅशियरला मेमो मिळतो, हे हेड कॅशियर असून त्यांना कळत नाही. एप्रिल २०२५ मध्ये जैस्वालने गोव्याकडे जाण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र मागितलं, तेव्हा त्यांनी दोन दिवस डबा उघडला नाही. मे महिन्यात त्याने अर्ज मागे घेतला, तेव्हा म्हणाले, “मी म्हटलंच होतं!” काय म्हटलं होतं ते आम्हाला आठवत नाही, बहुधा लटकताना म्हटलं असावं, वाऱ्यात गेलं.

चौथा संप्रदाय ‘आपल्या’वाद्यांचा, आणि यात फूट आहे : कल्याण गट आणि डोंबिवली गट. डोंबिवलीचं भांडवल अजिंक्य रहाणे. २०२४ चं बेचाळिसावं विजेतेपद त्याच्याच नेतृत्वाखाली आलं, त्यामुळे गेले काही हंगाम आमचा भाव वधारला होता. कल्याणचा तुषार देशपांडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बडोद्याविरुद्ध तनुष कोटियन दहाव्या क्रमांकावर आला, तुषार अकराव्या, आणि दोघांनीही शतकं ठोकली. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये असं त्याआधी एकदाच झालं होतं, १९४६ साली ओव्हलवर, सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी केलं होतं. तेव्हापासून कल्याणकरांचं म्हणणं असं की फलंदाजी शेवटापासून सुरू करावी.

पण हंगामापूर्वीच्या आशेवरचं सर्वोत्तम साहित्य मात्र आमच्या डोंबिवलीतच जन्मलं आहे, ते म्हणजे नीलेश कुलकर्णी. ऑगस्ट १९९७, कोलंबो. पहिलाच कसोटी सामना, पहिलाच चेंडू, आणि अटापट्टू बाद! गावात काय आनंद झाला असेल! हिशोबच मांडायचा तर दर चेंडूला एक बळी. पुढे श्रीलंकेने ६ बाद ९५२ केल्या आणि नीलेशने ७० षटकांत १९५ धावा देऊन एकूण बळी मिळवले एक, तोच पहिला. यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. ती खेळपट्टीच रस्ता होती. पण कुठल्याही खात्याची पहिली नोंद पाहून वर्षअखेरची शिल्लक सांगू नये, हा धडा आम्हाला बी. कॉम.ला तीन वर्षांत कुणी इतक्या स्पष्टपणे शिकवला नाही.

असे हे चार संप्रदाय. दोष उघड आहेत. पुनरुक्ती फार. पात्रं तीच, उपमा त्याच. पंधराचा पाढा दर सोमवारी. तर्कशास्त्राचा अभाव. आणि सगळ्यांत मोठा दोष म्हणजे या वाङ्मयाला फक्त जमेची बाजू आहे. ‘यंदा नक्की’ हे सगळे म्हणतात. त्यासाठी खर्ची काय टाकणार, हे कुणी बोलत नाही.

गुण एकच. तो माझ्या वडिलांमुळे मला ठाऊक आहे.

१९८४-८५ नंतर मुंबईला बरीच वर्षं करंडक मिळाला नव्हता. वडील कारकूनच, दर गणपतीत ‘यंदा नक्की’ म्हणायचे, आरती संपल्यावर, जणू शेवटचं कडवं असल्यासारखं. मे १९९१ मध्ये अंतिम सामना वानखेडेवर, हरियाणाशी. जिंकायला ३५५ हव्या होत्या. मी शाळेत होतो, सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. मुंबई ३५२. दोन धावांनी हार. वेंगसरकर १३९ वर नाबाद, आणि मैदानावर रडलेला. वडिलांनी बातमी दोनदा वाचली, पेपराची व्यवस्थित घडी घातली, चहाचा कप विसळून ठेवला आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी.”

एवढंच. खातेवहीचं पान भरलं की खाली बेरीज मारून ‘पुढे चालू’ लिहितात आणि पुढच्या पानावर तीच रक्कम ‘मागील पानावरून’ म्हणून घेतात, तसं. त्यानंतर करंडक आला १९९३-९४ मध्ये. मधली पानं वडिलांनी त्याच दोन शब्दांवर काढली. पगारवाढ, बदली, माझे मार्क, सगळ्यालाच ते दोन शब्द लागू पडत. तेव्हा या वाङ्मयाला मी फार हसत नाही.

आता समीक्षकाला स्वतःबद्दल लिहिणं भाग आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गाडी डोंबिवलीत आलेली, डबा आधीच गच्च. काकांचा विषय चालू होता : हल्लीच्या पोरांत जिद्द राहिली नाही. विम्यातले साहेब म्हणत होते, पुढची फळी कुठून येणार? मी दाराजवळ उभा राहून या चर्चेत मोलाची भर घालत होतो. तेवढ्यात खालून कुणीतरी एक लांबलचक बॅग आत सारली. ती माझ्या बरगडीत बसली.

“अरे ए, गर्दीच्या वेळी हे कसलं ओझं? मागून ये!” मी ओरडलो. आणखी दोघे ओरडले. बॅग बाहेर गेली. बॅगेबरोबर बॅगवालाही गेला. गाडी सुटली. फलाटावर मागे पडत गेलेला मुलगा मला दिसला तेव्हा ओळख पटली. आमच्याच इमारतीतला, तिसऱ्या मजल्यावरचा, तेरा-चौदा वर्षांचा. यष्टिरक्षण करतो. बॅगेत बॅट, पॅड, हातमोजे, आणि आईने दिलेला डबा असणार.

काका म्हणत होते, “जिद्द पाहिजे हो, जिद्द!”

संध्याकाळी जिन्यात तो भेटला. मी विचारलं, “काय रे, सकाळी कुठे निघाला होतास?”

“निवड चाचणी होती काका. पोचलो तोवर नावं घेऊन झाली होती.”

मला बोलायला काही सुचेना. त्यानेच माझी अडचण सोडवली. बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि म्हणाला, “पुढच्या वर्षी.”

ते दोन शब्द मी घरात ऐकत लहान झालो, मोठा झालो. पण इतक्या लहान तोंडून ऐकले नव्हते. रहाणेची आई रिक्षाला पैसे नसत म्हणून एका कडेवर धाकटा भाऊ आणि हातात किटबॅग घेऊन त्याला चालत मैदानावर न्यायची, हे त्यानेच मुलाखतीत सांगितलंय आणि आम्ही ते डब्यात डोळ्यांत पाणी आणून एकमेकांना ऐकवतो. शार्दूल ठाकूर पालघरहून गाडीने येऊन वाढला. २०१८ साली आफ्रिकेचा दौरा करून आला तोही लोकलनेच घरी गेला, याचा आम्हाला कोण अभिमान! पण या दोघांच्या बॅगा कुणाच्या तरी बरगडीत बसल्याच असतील. तो जो कुणी होता, तो थोडा सरकला असेल, म्हणून ते आत आले. त्याचं नाव कुठल्या धावफलकात नाही.

दुसऱ्या दिवशी मी डब्यात सगळं सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. विम्यातल्या साहेबांनीसुद्धा ‘मी म्हणत नव्हतो’ म्हटलं नाही. मुलुंड गेल्यावर काकांनी विचारलं,

“सरावाला कितीची पकडतो तो?”

“हीच. मंगळवार आणि शुक्रवार.”

काकांनी बाजूची छत्री आणि डबा उचलून मांडीवर घेतला. जागा किती झाली म्हणाल, तर एक किटबॅग उभी राहील एवढी.

हल्ली मंगळवारी-शुक्रवारी तो आमच्या डब्यात असतो. बॅग काकांच्या गुडघ्याला टेकलेली. भाडं म्हणून त्याला १९५८-५९ पासून ऐकावं लागतं. परवा चौथ्या विजेतेपदालाच, घाटकोपरच्या आसपास, तो उभ्याउभ्या बॅगेवर डोकं टेकून झोपला. काकांनी आवाज खाली आणला, पण थांबले नाहीत. अजून अकरा बाकी होती.