इंग्रजीच्या तासातील साहित्य-निबंध आणि ‘करण घेलो’

पदवी वर्गाच्या इंग्रजी उत्तरपत्रिकांत साहित्यकृतीवरील निबंध बहुधा एकाच साच्यातून उतरलेला असतो. लेखकाचा जन्म, ग्रंथांची यादी, कथासार आणि शेवटी कृती थोर असल्याचा निर्वाळा. कादंबरी वाचल्याचा पुरावा त्यात कोठेच सापडत नाही. दोष विद्यार्थ्याच्या कच्च्या इंग्रजीला दिला जातो. वस्तुतः अडचण भाषेपेक्षा प्रश्नाची अधिक आहे. ‘अमुक कादंबरीचे परीक्षण करा’ असे विचारले की गाईडमधलेच परीक्षण परत येणार.

या संदर्भात सुरतेचा दाखला विचारात घेण्यासारखा आहे. याच शहरात जन्मलेल्या नर्मदने 1858 मध्ये ‘कवि अने कविता’ हा निबंध लिहिला. त्यावर हॅझलिटच्या काव्यविचाराचा प्रभाव अभ्यासक मानतात. येथील इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक नंदशंकर मेहता यांची ‘करण घेलो’ 1866 मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी सुरतेच्याच नवलराम पंड्या यांनी तिचे परीक्षण केले. त्यांच्यापुढे या कादंबरीच्या नोट्स नव्हत्या, कारण गुजरातीत अशी कादंबरीच आधी नव्हती. वाचलेले पुस्तक आणि स्वतःचे मत, एवढ्याच सामग्रीवर त्यांना लिहावे लागले. विद्यार्थ्याकडून अपेक्षा असते ती नेमकी याचीच.

तुलसी वत्सल आणि अबान मुखर्जी यांनी केलेला या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे ती आता इंग्रजीच्या तासाला घेता येते. निबंधाचा प्रश्न तर तिच्या नावातच आहे. ‘घेलो’ म्हणजे वेडा, नादान. राजाचा निकाल लेखकाने मुखपृष्ठावरच लावून टाकला आहे. आतील कथा तो निकाल सिद्ध करते काय?

पहिल्या भागात ती करते. करण वाघेला आपला प्रधान माधव याच्या पत्नीचे, रूपसुंदरीचे, अपहरण करवतो. माधवचा भाऊ केशव तिच्या रक्षणात मारला जातो, त्याची पत्नी गुणसुंदरी सती जाते. माधव दिल्लीला जाऊन अलाउद्दीन खिलजीची फौज आणवतो. येथवर विशेषण चपखल बसते. पुढे राज्य गेलेला करण बागलाणात आश्रय घेतो, तेव्हा देवगिरीचा राजपुत्र शंकरदेव त्याच्या मुलीला, देवळदेवीला, मागणी घालतो. मराठ्याला मुलगी देणे करणला कमीपणाचे वाटते. सर्वस्व गमावूनही कुळाचा अभिमान सोडत नाही, तो नादान की मानी? येथे विद्यार्थ्याला विधान सापडते: ‘शीर्षक पूर्वार्धातल्या करणला लागू पडते, उत्तरार्धातला करण वेगळा आहे.’ हे चूकही ठरू शकते. हा अभिमान म्हणजे त्याच वेडाचे दुसरे रूप, असे कोणी म्हणेल. पण असा आक्षेप घेता येतो म्हणूनच ते विधान आहे. ‘ही एक ऐतिहासिक कादंबरी आहे’ यावर कोणी काय आक्षेप घेणार?

कथासाराचे काय करायचे, याचेही उत्तर यातूनच मिळते. विधानाला जेवढे प्रसंग लागतात तेवढेच सांगावे. केशवचा मृत्यू लागतो, दिल्लीची वर्णने बहुधा लागत नाहीत.

अधिक नाजूक प्रश्न अलाउद्दीनचा आहे. वर्गात दोन्ही समाजांची मुले असतात आणि निबंध पाहता पाहता जातीय निकालपत्र होतो. एक हल्ला चढवतो, दुसरा बचाव करतो, पुस्तक बाजूला राहते. इतिहासातला सुलतान आणि नंदशंकरांनी रंगवलेला सुलतान या दोन गोष्टी आहेत, हे शिक्षकाने आधीच स्पष्ट केले पाहिजे. संकटाचा आरंभ कादंबरीने पाटणच्या राजवाड्यात दाखवला आहे, दिल्लीत नाही. ज्याला लेखक पक्षपाती वाटतो त्याने तो कोणत्या पानावर, कोणत्या शब्दांत, हे दाखवावे. आरोप असो वा समर्थन, पुराव्याचा नियम एकच. याच देवळदेवीवर अमीर खुस्रोने चौदाव्या शतकाच्या आरंभी फारसी मसनवी रचली आणि तिच्या व खिज्रखानाच्या नात्याला प्रेमकथेचे रूप दिले. एकच स्त्री एका दरबारी कवीला नायिका वाटते आणि साडेपाचशे वर्षांनंतरच्या शाळामास्तराला पराभूत राजाची हरवलेली मुलगी. हुशार विद्यार्थ्याला तुलनेसाठी याहून चांगला विषय मिळणे कठीण.

भाषेची अडचण खोटी नाही. सुरतेच्या वर्गात गुजराती, उर्दू आणि खानदेशातून आलेल्या घरांतली मराठी बोलणारी मुले शेजारी बसतात. विधान आधी आपल्या भाषेत ठरवून मग इंग्रजीत मांडण्यास हरकत नसावी. मराठी मुलाला बागलाण नकाशावर दाखवावे लागणार नाही. मोठ्या वर्गात प्रत्येकाचे पूर्ण निबंध दोनदा तपासणे अशक्य, हेही मान्य. मात्र निबंधापूर्वी एका चिठ्ठीवर फक्त विधान आणि त्याच्या आधाराचा एक पृष्ठक्रमांक मागवता येतो. शंभर चिठ्ठ्या एका तासात वाचून होतात, आणि ज्या चिठ्ठीवर पृष्ठक्रमांक नाही ती परत करता येते.