तैमात, उरुगूला आणि टिळकांचा निबंध

सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर ८० वर्षांचे झाले तेव्हा, १९१७ साली, पुण्यात त्यांना एक लेखसंग्रह अर्पण करण्यात आला. त्यात लोकमान्य टिळकांचा खाल्डियन आणि भारतीय वेदांवरचा इंग्रजी निबंध आहे. पुढे १९२५ साली तो ‘वेदिक क्रोनॉलॉजी’च्या पुस्तकातही आला. तरी टिळकांच्याच ‘ओरायन’ या ग्रंथाच्या सावलीत तो फारसा वाचला जात नाही. मला मात्र टिळकांच्या संशोधनपर लेखनात हा छोटा निबंध सर्वांत जिवंत वाटतो. खाल्डिया म्हणजे बाबिलोनचा मुलूख, पण निबंधाची वाट जाते ती सापाच्या विषातून.

अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातले तेरावे सूक्त विष उतरवण्याचे आहे. मांत्रिक सापांना नावानिशी हाक मारतो. धनुष्याची दोरी उतरवावी तसा तुमचा आवेश उतरवतो, म्हणतो. मग बजावतो, की तुमचे आईबाप, तुमचे सगळे गणगोत मला ठाऊक आहे. आता काय कराल? या हाकांमध्ये तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला असे शब्द येतात. संस्कृतात त्यांचा उलगडा होत नाही. भाषांतरकारांनी ते बहुधा सापांची नावे म्हणून जसेच्या तसे ठेवले आणि ते पुढे गेले. टिळक तिथे थांबले.

घाटनांदूरच्या शिवारात, बालाघाटाच्या माथ्यावर हे सूक्त वाचले की ते फार जुने वाटत नाही. आपल्याकडे कुणाला साप चावला तर जुनी माणसे ‘पान लागलं’ म्हणतात, सापाचे नाव तोंडी आणत नाहीत. (अशा माणसाला आता थेट अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यावे, मंत्रासाठी घटकाभरही थांबू नये.) नाव घेतले तर ते जनावर येईल ही घरच्यांची भीती, नेमके नाव घेतले तर ते वश होईल हा मांत्रिकाचा भरवसा. नावात शक्ती आहे, हे दोघांनाही मान्यच आहे.

बाबिलोनच्या धर्मात हाच भरवसा केवढा वाढला होता! निनवेच्या असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयातल्या मातीच्या पाट्या वाचून जॉर्ज स्मिथ याने बाबिलोनची सृष्टिकथा १८७६ साली पुस्तकरूपाने जगापुढे आणली. आरंभी वर आकाशाला नाव नाही, खाली जमिनीला नाव नाही. अप्सू हे गोडे पाणी आणि तियामत हे खारे पाणी, दोन्ही एकमेकांत मिसळलेली. पुढे हीच तियामत लढाईसाठी साप प्रसवते, आणि त्यांच्या अंगात रक्ताऐवजी विष असते. मार्दुक हा देव तिला मारतो, सुक्या मासळीसारखी दुभागतो आणि अर्ध्या देहाचे आकाश करतो. शेवटी देव त्याला ५० नावे देतात. विषारी सापांची ही आई आणि सापाच्या मंत्रातला तैमात टिळकांनी शेजारी ठेवले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. उरुगूलाही तशीच. सुमेरी भाषेत उरुगल म्हणजे मोठे नगर, म्हणजेच मेलेल्यांचे पाताळ. सूक्तातली सर्पीण या उरुगूलेची मुलगी आहे!

सगळेच धागे इतके घट्ट नाहीत. ‘यह्व’ या वैदिक शब्दाची टिळकांनी ज्यूंच्या येहोवा या देवनामाशी घातलेली सांगड मला ओढाताणीची वाटते. ध्वनिसाम्य हा एकटा साक्षीदार पुरत नाही, आणि तैमात-तियामत ही जोडीही सर्वमान्य नाही. पण वेदांचा जाज्वल्य अभिमान असलेला हा माणूस वेदमंत्रात परक्या मुलखाचे शब्द आहेत असे मोकळेपणाने म्हणतो. दोन शेजारी संस्कृतींमध्ये देणेघेणे होणारच, यात त्याला कमीपणा दिसत नाही. मंत्राला तर परका शब्द हवाच असतो. न कळणाऱ्या नावाचा धाक मोठा.

आलिगी आणि विलिगी यांचे मूळ टिळकांना सापडले नाही. शब्द अक्कडी वाटतात, असे सांगून ते बिल्गी या असिरियन देवनामाकडे बोट दाखवतात. माग लागत नाही, हेही ते लिहून ठेवतात. मांत्रिकाने ज्यांचे सगळे गणगोत ठाऊक असल्याचे सापाला सुनावले, नेमके तेच हे दोघे.