ऑम्निबुक : लिहिलेला पार्कर आणि ऐकलेला पार्कर

चार्ली पार्कर (१९२०–१९५५) ह्या विख्यात अमेरिकन सॅक्सोफोनवादकाचें साठ ध्वनिमुद्रणांतील वादन स्वरलिपींत उतरविणारें ‘चार्ली पार्कर ऑम्निबुक’ हें पुस्तक १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. तें सिद्ध करणाऱ्या जेमी एबरसोल्ड व केन स्लोन ह्या उभयतांचे श्रम खरोखर मोठे आहेत. ‘को-को’सारखी (१९४५) मिनिटाला सुमारें ३०० मात्रांच्या वेगानें धांवणारी कृति कानानें टिपून घेणें हें ऐऱ्यागैऱ्याचें काम नव्हे. परंतु जॅझच्या विद्यार्थ्याचें ह्या पुस्तकानें हित होतें कीं अहित, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

खुद्द पार्कर कसा शिकला? १९३७ च्या उन्हाळ्यांत मिसूरी राज्यांतील ओझार्कच्या डोंगराळ भागांत वादनाच्या नोकरीवर असतां त्यानें काउंट बेसीच्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिका बरोबर नेल्या आणि त्यांतील लेस्टर यंगचें वादन पुनःपुन्हां ऐकून पाठ केलें. एवढें करूनहि तो यंगची प्रतिकृति झाला नाहीं, पार्करच झाला. ह्याचें कारण आमच्या मतें उघड आहे. एक स्वर स्वतः शोधतांना विद्यार्थ्याला जवळचे तीनचार स्वर पारखून टाकून द्यावे लागतात, आणि ह्या टाकून देण्यांतच त्याचा विवेक तयार होतो. आयत्या पानावरून वाजविणाराला उत्तर मिळतें, पारख मिळत नाहीं.

शिवाय पानाची शक्तिहि मर्यादित आहे. अर्ध्या मात्रेचे लागोपाठचे दोन स्वर तेथें समान दिसतात. वादनांत मात्र पहिला किंचित् लांबतो, आणि लय वाढली कीं हें अंतर कमी होत जातें. हें प्रमाण कोणत्या चिन्हानें लिहावें? अर्धवट गिळलेला स्वर, मात्रेच्या किंचित् मागें रेंगाळणें, फुंकेचा जोर, ह्यांचीहि तीच गत.

म्हणून पुस्तक टाकून द्यावें, असें मात्र आम्हांस म्हणावयाचें नाहीं. लेनी ट्रिस्टानो (१९१९–१९७८) हा पियानोवादक गुरु आपल्या शिष्यांकडून यंग व पार्कर ह्यांचें वादन आधीं गाऊन घेत असे. हाच क्रम योग्य होय : आधीं गळा, मग वाद्य, मग लेखणी, आणि पुस्तक सर्वांत शेवटीं. आपलें लेखन व ऑम्निबुक ह्यांत जेथें भेद आढळेल, तेथें मूळ ध्वनिमुद्रण पुन्हां लावावें; निवाडा त्यानेंच करावयाचा आहे. पूर्वीं तबकडीचा वेग निम्मा केला कीं स्वरहि एक सप्तक खालीं उतरत असे. आज संगणकाच्या साह्यानें स्वर न बदलतां लय निम्मी करतां येते. इतकी सोय असतां ऐकण्याचा कंटाळा करणें, ह्यास आळसाखेरीज दुसरें नांव आम्हांस सुचत नाहीं.