वीरगाथा आणि वास्तव : भूमिकाखेळाच्या दोन रीती

भूमिकाखेळ हा साहित्यप्रकार मानावा की नाही, याविषयी मतभेद संभवतो. परंतु त्यातून कथा निर्माण होते, हे नाकारता येणार नाही. बंगळूरसारख्या शहरात चारसहा जण मेजाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो, सूत्रधार प्रसंग उभा करतो, आणि फाशांचे दान निर्णय देते. या कथेतील नायक कसा असावा, हा वाद म्हणूनच वाङ्मयीन वाद आहे.

त्याचे मूळ युद्धखेळात सापडते. १९७१ मधील ‘चेनमेल’मध्ये वीर हा चार सैनिकांच्या बरोबरीचा गणला जाई. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने हीच कल्पना पुढे नेली. अनुभवाबरोबर पात्राचे प्राणांक वाढतात. नवख्याला ठार करणारा घाव मुरलेल्या वीराला केवळ ओरखडा ठरतो. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ने उलट वाट धरली. घाव मस्तकावर बसला की हातावर, याचा तेथे हिशेब होतो, आणि कसलेला योद्धाही एका घावाने कोसळू शकतो.

बंगळूरचाच एक प्रसंग घ्यावा. २१ मार्च १७९१ च्या रात्री कॉर्नवॉलिसच्या सैन्याने खिंडारातून किल्ल्यात प्रवेश केला आणि किल्लेदार बहादुरखान लढता लढता पडला. हा प्रसंग मेजावर मांडला, तर पहिली रीत बहुधा त्याला तारील आणि दुसरी बहुधा मारील. परंतु तो तेथून हटला का नाही, हे दोहोंपैकी एकही रीत आपोआप सांगणार नाही. आणि कथेचा प्राण तर तेथेच आहे.

वीरकथा म्हणजे नायकाचे जिवंत राहणे, हा समजच मुळात चुकीचा आहे. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातील तानाजी घरचे लग्नकार्य बाजूस ठेवून गडावर जातो आणि तेथेच पडतो. तरीही तो पोवाडा वीररसाचाच आहे. भरताने वीररसाचा स्थायिभाव उत्साह मानला, पराक्रमाची आकडेवारी नव्हे. जेथे हरण्याची शक्यताच उरत नाही, तेथे उत्साहही उरत नाही. उरतो तो केवळ देखावा.

वास्तववादी रीतीचा दोष निराळा आहे. जखमांचा काटेकोर हिशेब म्हणजेच सत्य, अशी तिची समजूत होते. कोणत्याही क्षुल्लक चकमकीत फाशांनी पात्र मारावे, तर त्या मृत्यूला अपघातापलीकडे अर्थ राहत नाही, आणि सावध झालेला खेळाडू पुढे काही ठरवीनासाच होतो.

तेव्हा दोन्ही रीतींना कसोटी एकच लावावी लागेल : पात्राने जाणून केलेल्या निवडीची किंमत त्याला खरोखर मोजावी लागते काय? लागत असेल, तर अद्भुतातही वास्तव उतरते; लागत नसेल, तर अचूक मोजलेली जखमही खोटीच ठरते.