तट आहे, मग मित्र कशाला?

'सिव्हिलायझेशन ६' या खेळात तहाला वजन का येत नाही, एवढाच प्रश्न आज आपण घेऊ.

२०१८च्या 'राइज अँड फॉल' या विस्तारात चंद्रगुप्त मौर्य आला. त्याच्या खास गुणाचं नाव 'अर्थशास्त्र'. हा गुण करतो काय? प्रदेशविस्तारासाठी युद्ध पुकारलं की १० खेळ्या सैन्य जास्त चालतं, जास्त जोरानं लढतं. बस्स! कौटिल्य मात्र तह आणि युद्धातून सारखाच लाभ होणार असेल तर तह करा म्हणतो. राज्याच्या सात अंगांत तो दुर्गही मोजतो आणि मित्रही.

खेळानं या दोघांची फारकत केलीय. तट नसतो तोवर आपण शेजाऱ्याकडे २५ सोनं खर्चून शिष्टमंडळ पाठवतो, गोड बोलतो. तट उभा राहिला की शहर स्वतःच मारा करतं. जवळ दोन-तीन तिरंदाज असले की संगणकाचं सैन्य बहुतेक वेळा तटाखालीच संपतं. मग मित्र हवाय कुणाला?

२०१९च्या 'गॅदरिंग स्टॉर्म'मध्ये तक्रारींचा हिशेब आला. आगळीक करणाऱ्याच्या नावावर तक्रारी चढतात, हे चांगलंच. पण आपण तो हिशेब उघडतो कधी? उलट त्याचं शहर घ्यायचं असेल तेव्हा! बचावाची पुण्याई चढाईत खर्च होते.

आमच्या मते दोष तहाच्या नियमांत नाही. संगणकाला वेढा नीट घालता येऊ द्या. शहर जाण्याची भीती असेल, तरच शेजाऱ्याच्या शब्दाला किंमत येईल.